एकदाच विचारणारी माणसं

माझ्या डाव्या टाचेवर रुपयाएवढा एक गुळगुळीत, फिकट डाग आहे. निपाणीला मावशीकडे पाय पसरून बसले की कुणी ना कुणी विचारतंच, "हे काय झालं गं?" मी सांगते, नवी चप्पल चावली. हे खोटं आहे. हा डाग उत्तर जपानातल्या एका बर्फाच्या डोंगरावर पडला. बुटानं पाडला म्हणण्यापेक्षा मीच तो पाडून घेतला म्हणणं जास्त बरोबर होईल.

आधी मी कोण ते सांगते, त्याशिवाय माझ्या मूर्खपणाचं माप कळायचं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. निपाणीजवळच्या खेड्यात घर, थोडा ऊस, चार म्हशी. बेळगावात राहून इंजिनिअर झाले आणि तिथल्याच एका पंपांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागले. काळ्या झग्यातला माझा पदवीदानाचा फोटो आमच्या सोप्यात महावीरांच्या तसबिरीशेजारी टांगलेला आहे. आई सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून हात जोडते. ते कुणाला जोडते हे मी कधी विचारलं नाही, पण त्यातले थोडे मला पोचतात असं मी धरून चालते.

गल्लीतल्या सगळ्यांचे फॉर्म मी भरते. रेशनचा, पीकविम्याचा, कुणाच्या मुलाच्या हॉस्टेलचा. आठवीत असल्यापासून भरते. त्यामुळं फॉर्म कसा भरायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज आहे. तो पुढं उपयोगी पडणार आहे, म्हणजे उलट्या बाजूनं.

दुसरी गोष्ट आमच्याकडच्या पाहुणचाराची. कुणाच्या घरी गेलं आणि "चहा ठेवू?" असं विचारलं, की म्हणायचं, "नको, आत्ताच घेऊन आलो." मग घरातली बाई म्हणणार, "अर्धा कप." आपण म्हणायचं, "नको वो, खरंच नको." तिसऱ्यांदा ती म्हणणार, "असं कसं, घोटभर तरी." तेव्हाही मान हलवायची, पण जरा हळू. मग चहा येतो आणि आपण "कशाला उगाच" म्हणत पितो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारं पोर म्हणजे घरात खायला न मिळणारं पोर. लहानपणी माझा हात लाडवाच्या ताटलीकडं सरकला की आई पदराआडून मांडीला चिमटा काढायची. मी इतके चिमटे खाल्लेत की आजही कुणी काही पुढं केलं की आधी माझी मांडी दचकते.

कारखान्यानं मला आठ महिन्यांसाठी जपानात पाठवलं, तिथल्या यंत्रांवर काम शिकायला. बेळगावात वर्षभर शिकवणी लावून थोडी जपानी शिकले होते. बर्फाचा अनुभव म्हणाल तर फ्रिजमधला. त्या हिवाळ्यात बरोबरीच्या मुलींच्या नादानं तीन रविवार स्कीच्या शिकवणीला गेले. जिथं पाच वर्षांची मुलं शिकतात त्या उतारावर, त्या मुलांच्या मागं. तिसऱ्या रविवारी मी न पडता खालपर्यंत आले आणि मला वाटलं, झालं, आलं.

मार्चच्या सुरुवातीला वसतिगृहाच्या जेवणघरात एक कागद लागला. गाईडबरोबर डोंगरावर जायचं, दोन गट. एका गटानं बर्फावर चालायचे जाळीचे चपटे जोडे घालून खालच्या जंगलातून फिरायचं. दुसऱ्यानं स्कीवर चढून थेट माथा गाठायचा. चढताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. ती पुढं सरकू देते, मागं घसरू देत नाही. बुटाचा चवडा स्कीला अडकवलेला आणि टाच मोकळी, असं पाय ओढत तासन्‌तास वर जायचं. माथ्यावर पट्टी काढायची, टाच अडकवायची आणि घसरत खाली यायचं. आखलेली वाट नाही, तारेवरून वर नेणारे पाळणे नाहीत.

फॉर्मवर तीन चौकोन होते. नवखे, मध्यम, अनुभवी. नवख्यांनी जंगलात चालायचं होतं, माथा मध्यमपासून पुढच्यांना.

त्या पहिल्या चौकोनाचा मला राग आला. आप्पांबरोबर लहानपणापासून ज्या ज्या कचेरीत गेले, तिथं प्रत्येक कागदावर आमची खूण सगळ्यात खालच्या चौकोनात. शिक्षण, नाही. सही, अंगठा. साहेबांनी बसा म्हटलं तर आप्पा म्हणायचे, "असू दे, उभाच बरा हाय," आणि साहेब पुन्हा म्हणायचे नाहीत, आणि आप्पा तासभर उभे. एवढं सगळं बघून, चार वर्षं हॉस्टेलची डाळ पिऊन, मी परदेशात येऊन पुन्हा खालच्या चौकोनात खूण करणार? मी मध्यमवर केली. शिवाय अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, "कणकुंबीच्या जंगलात डोंगर चढण्याची सवय." कणकुंबीला मी एकदा गेले आहे, कॉलेजच्या सहलीला, आणि निम्मी वाट टेंपोतून.

शनिवारी दुपारी घरी फोन केला.

"बर्फात चढाय?" आई म्हणाली. "तिथं काय हरवलंय तुझं?"

"नुसतं बघाय गं."

"बघायचं तर खालनं बघ की."

आप्पांनी फोन घेतला. "किती असतोय बर्फ?"

"छातीएवढा. काही ठिकाणी जास्त."

"म्हंजे उसात शिरल्यागत. वाट सोडू नको. गाईड हाय न्हवं?"

"दोन हायत."

"मग त्येनं काय इचारलं तर खरं सांग. उगं शानपना करू नको."

आईनं फोन परत ओढला. "लोकरीचे मोजे दिल्यात ते दोन जोड घाल एकावर एक. एकानं काय हुतंय?"

ते मोजे तिनं बेळगावात हिवाळ्यात स्वेटरवाले बसतात तिथून आणले होते. जाड, लाल, घोट्यापाशी हिरवी नक्षी.

डोंगराच्या पायथ्याच्या लॉजमध्ये संध्याकाळी साडेपाचलाच जेवण वाढलं. मी आईला तसं कळवलं तेव्हा अंधाराआधी जेवणारी माणसं म्हणून तिला जपान एकदम घरचा वाटला. ताटात माशाचे दोन प्रकार होते, ते मी बाजूला सारले. उरला भात, लोणचं आणि मुळा. भात सुरेख होता. लॉजच्या बाईंनी लाकडी भांडं पुढं करून विचारलं, "आणखी भात?" मी म्हटलं, "नको, भरपूर झालं." बाईंनी हसून मान लववली आणि त्या भांडं घेऊन गेल्या. मी वाटी समोर धरून दाराकडं बघत बसले. त्या परत आल्या त्या ताटं उचलायला.

हा पहिला इशारा होता. माझ्या लक्षात आला नाही.

सकाळी आमच्या गटात चौघं. टोकियोचं एक जोडपं, मी आणि एक आजी. आजींचं वय अडुसष्ट, उंची माझ्या खांद्याएवढी, स्की माझ्याहून जुन्या. गाडीत त्या शेजारी बसल्या. माझी जपानी तुटकी, त्यांचं इंग्रजी त्याहून तुटकं, पण दोन्ही मिळून काम चाललं.

"पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघे बदलायचेत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, नंतर हा डोंगर नाही."

"आधी कितीदा चढलात?"

"चाळीस हिवाळे. या हिवाळ्यात दोनदा आले. दोन्ही वेळा वाऱ्यानं अर्ध्यातून परतवलं." एसटीची वेळ सांगावी तशा सपाट आवाजात त्या बोलत होत्या. "आज शेवटची खेप. वरून समुद्र दिसतो."

मोठा गाईड पन्नाशीचा, उन्हानं भाजलेल्या तोंडाचा. त्याची सहकारी पंचविशीची मुलगी. त्यानं प्रत्येकाच्या छातीवर एक छोटं यंत्र बांधलं. कड्यावरून बर्फ सुटून कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांना शोधता यावं म्हणून. हे घरी सांगायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं. मग तो म्हणाला, "झाडी संपते तिथं एक लाकडी खोपी आहे. तिथपर्यंत कुणाला परतायचं असलं तर ही त्याला खाली आणेल. उरलेल्या तिघांना मी एकटा पुरतो. खोपीच्या वर मात्र गट फोडायचा नाही. तिथून एकाला परतायचं झालं तर सगळे परततील. समजलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सगळ्यात जोरात.

"आणखी एक. मोजे एकच जोड, पातळ."

मी बुटात दोन जोड घालून बसले होते. त्यांना आमची थंडी काय माहीत, असं मी मनात म्हटलं. जपानातल्या बर्फात जन्म गेलेल्या माणसाला थंडी माहीत नाही, असं वाटायला मागं पदवी लागते.

चढायला लागलो. वर पानं झडलेली, बीच नावाची उघडी झाडं, खाली पांढरंच पांढरं, आणि स्कीचा सर्र सर्र आवाज. एवढी शांतता मी आमच्या गावात कधी ऐकली नव्हती. तिथं निदान पंप तरी चालू असतो. पहिली दहा मिनिटं मी मनात आमच्या गल्लीला हे दाखवत होते. पुढच्या वीस मिनिटांत टाच गरम झाली. तव्याला हात लागल्यावर लागते तशी.

पहिला थांबा आला. मोठा गाईड प्रत्येकापाशी येऊन विचारत होता. "टाच कुठं घासतेय का? आत्ता सांगा. पट्टी लावायला दोन मिनिटं लागतात."

"नाही, नाही," मी म्हटलं. "ठीक आहे."

त्यानं मान हलवली आणि तो टोकियोच्या बाईकडं वळला.

मी त्याच्या पाठीकडं बघत राहिले. आता वळेल. आता म्हणेल, नक्की ना? मग मी जरा मान तिरकी करीन. मग तो म्हणेल, बघू तरी. मग मी म्हणेन, कशाला उगाच तुम्हाला त्रास. त्यानं पिशवी पाठीवर घेतली आणि तो चालू लागला.

त्याच थांब्यावर आजींनी खिशातून एक लहान संत्रं काढलं. "खाणार?"

"नको, नको."

"बरं." संत्रं परत खिशात गेलं. दोन मिनिटांनी त्यांनी ते स्वतः सोललं. त्या थंडीत सालीचा वास असा आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी लांबच्या डोंगराकडं बघत असल्याचं दाखवलं. लांब डोंगर नव्हता, धुकं होतं.

पुढं चढ उभा झाला. अशा ठिकाणी नागमोडी जावं लागतं आणि वळणावर एक पाय उचलून, स्कीसकट उलट दिशेला फिरवून ठेवावा लागतो. नवखे इथं अडकतात असं ऐकलं होतं. मध्यमही अडकतात. माझ्या दोन स्कींची एकमेकींत कात्री झाली, मी तोल सांभाळायला झाडाला हात लावायला गेले, आणि झाडाच्या बुडाशी जो भुसभुशीत खड्डा असतो त्यात गळ्यापर्यंत बसले. वर माझं डोकं आणि एक काठी.

धाकटी गाईड फावडं घेऊन आली. मला वर काढायची तिची रीत मला ओळखीची वाटली. घाई नाही, आवाज चढवणं नाही, आधी आजूबाजूचं मोकळं करायचं, मग मागून धरून, सारखं काहीतरी गोड बोलत बोलत वर घ्यायचं. आप्पा चिखलात रुतलेल्या म्हशीला असंच काढतात.

"पाय बघू का?" तिनं विचारलं. "तुम्ही डावा जपून टाकताय."

"नको, नको. काही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

आता टाचेत गरम वाटत नव्हतं, ओलं वाटत होतं. माझा जीव रडकुंडीला आला होता आणि राग मात्र त्यांचाच येत होता. कसली ही माणसं? बाई खड्ड्यातून निघालीय, लंगडतेय, डोळ्यांत पाणी आहे, आणि विचारायचं ते एकदाच? आमच्या मावशीनं एव्हाना बूट ओढून काढला असता आणि वर हळदही लावली असती. मी चालत राहिले. मध्यमचा चौकोन माझ्यापुढं चालत होता आणि मला त्याला गाठायचं होतं.

खोपीपाशी पोचलो तेव्हा धुकं फाटलं. माथा दिसला. इतका जवळ की हात लावावा, आणि इतका उजेड की डोळे मिटावेत. वारा नव्हता. आजी खोपीच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोन्ही हातांनी गुडघे चोळत होत्या आणि बघत होत्या मात्र वर. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी होतं. वाढदिवसाला पोरीच्या तोंडावर असतं तसं.

"इथून दीड तास," मोठा गाईड म्हणाला. "आता पुन्हा विचारतो." त्यानं टोकियोच्या दोघांना विचारलं, ते ठीक होते. आजींना विचारलं. "गुडघे दुखतात, पण दीड तासाचे आहेत," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं.

"चालेल," मी म्हटलं.

तो खोपीच्या मागं बर्फ तपासायला गेला. आम्ही खायला बसलो. बाकीच्यांचे भाताचे गोळे थंडीनं टणक झाले होते. मी पिशवीतून आईनं पार्सलनं पाठवलेली कडक भाकरी काढली. आमच्याकडं ज्वारीच्या भाकरी पापडासारख्या वाळवून ठेवतात, महिना-महिना टिकतात. सोबत शेंगाची चटणी. त्या भाकरीला थंडीनं काहीच झालं नव्हतं, बर्फाच्या डोंगरावरसुद्धा ती निपाणीत मोडते तशीच कडकन मोडली.

मी एक आजींपुढं केली. आता या नको म्हणतील, मग मी आग्रह करीन, आणि निदान एकदा तरी या डोंगरावर गोष्टी रीतीनं होतील, असं मला वाटलं.

"हो," आजी म्हणाल्या आणि त्यांनी घेतली. चटणी लावून कुरुम कुरुम खाल्ली. बोटं चाटली. मग माझ्या डब्याकडं बघून म्हणाल्या, "आणखी एक आहे का? वर गेल्यावर खाईन. समुद्र बघत."

मी दुसरी दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळली, छातीपाशी जॅकेटच्या आत ठेवली, मोडू नये म्हणून वरून हात दाबला.

ती भाकरी वर जाणार होती. मी खालीच त्यांच्या वाटेत आडवी बसले होते. हे मला तेव्हा, त्या रुमालाकडं बघताना कळलं. दीड तास सोडा, त्या पायानं माझ्याच्यानं अर्धा तास निघाला नसता. अर्ध्या तासानं मी बसले असते, सगळे परतले असते, आणि या बाईचा शेवटचा डोंगर माझ्या टाचेपाशी संपला असता. आणि तेव्हाही मी काय म्हटलं असतं? नको, नको, माझ्यासाठी कशाला थांबताय.

मोठा गाईड परत आला आणि पिशव्या उचला म्हणाला. मी उठले नाही.

"माझी टाच सोललीय," मी म्हटलं. "मला वर येता येणार नाही. मी इथून खाली जाते."

तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. "कधीपासून?"

"पहिल्या थांब्याच्या आधीपासून."

"मी तेव्हा विचारलं होतं."

"हो. पण एकदाच विचारलंत."

त्याला राग आला नव्हता, तो खरंच हिशोब लावत होता. "किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा."

धाकटीनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. मोठा हसला नाही. त्यानं मान हलवली, एखादं नवं माप लिहून घ्यावं तशी.

होतंच आहे तर सगळंच होऊ दे म्हणून मी पुढं म्हटलं, "आणि मी मध्यम नाही. मी तीन रविवारची आहे."

"ते पहिल्या वळणावर दिसलं," तो म्हणाला. मग बूट सोडताना त्याला मोजे दिसले. वरचा लाल, आतला लाल, दोन्ही टाचेशी वेगळेच लाल. त्यानं त्यावर काही विचारलं नाही, हे मात्र त्यानं बरं केलं. पट्टी लावून उठताना तो म्हणाला, "इथं सांगितलंत. अर्ध्या तासानं सांगितलं असतंत तर उपयोग नव्हता." आणि त्यानं मान लववली. मला ते अंगावर आलं. खोटा फॉर्म भरून, तीनदा खोटं बोलून, चौथ्यांदा जेमतेम खरं सांगितल्याबद्दल कुणी मान लववतं तेव्हा बघायचं कुठं, ते आमच्याकडं शिकवत नाहीत.

आजी जवळ आल्या. त्या रागावतील असं वाटलं होतं. "मी तीन वर्षं गुडघे लपवले," त्या हळूच म्हणाल्या. "जिन्यावर मुलानं पकडलं." आणि छातीवरची भाकरी चाचपून, वर निघाल्या. लहान लहान पावलं, सर्र, सर्र. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी बघत राहिले.

धाकटीच्या पिशवीत जाळीच्या जोड्यांचा एक जोड होता. गटात एखादा माझ्यासारखा निघतोच, म्हणून नेहमी असतो म्हणे. माझ्या स्की माझ्या पाठीवर बांधल्या आणि आम्ही चालत खाली निघालो. म्हणजे सरतेशेवटी मी नवख्यांचीच सहल केली, फक्त उलट्या दिशेनं आणि दुप्पट ओझं घेऊन.

धाकटीनं झाल्या प्रकाराचा धडा लगेच घेतला होता. "विश्रांती हवी?" तिनं विचारलं.

"नको."

"विश्रांती हवी?"

"नको, खरंच."

"विश्रांती हवी?"

मी थांबले. "हवी."

"तीन," ती म्हणाली आणि थर्मास उघडला. "चहा?"

"द्या."

"अरे. फारच लवकर शिकलात. माझं काम गेलं."

चहा हिरवा होता, बिनसाखरेचा, बिनदुधाचा. आईनं याला गरम पाणी म्हटलं असतं. मी दोन झाकणं प्याले, दुसरं मागून घेतलं. मागताना मांडी दचकलीच, पण आई सात हजार किलोमीटरवर होती.

खाली गाडीपाशी बसून आम्ही वर बघत राहिलो. एकदा ढग माथ्यावर आला. मला माझी टाच आठवत नव्हती, फक्त एवढंच मोजत होते की आम्ही खोपी सोडून किती वेळ झाला, आता त्या कुठं असतील, ढग आधी पोचला की त्या. मग ढग सरकला. बऱ्याच वेळानं झाडीतून चार ठिपके निघाले. तीन सरळ येत होते, चौथा लांबच लांब, संथ वळणं घेत, जणू त्याला खाली पोचायची घाईच नव्हती.

आजी माझ्यासमोर येऊन थांबल्या. चष्मा वर केला. डोळ्यांभोवतीची कातडी पांढरी, बाकी तोंड लाल.

"समुद्र?" मी विचारलं.

"अर्धा. डावीकडं ढग होता." मग म्हणाल्या, "भाकरी अख्खी खाल्ली."

मग त्या स्की काढायला खाली वाकल्या आणि तशाच थोडा वेळ वाकून राहिल्या. मी त्यांचे बूट सोडायला पुढं झाले. सोडू का, असं विचारलं, एकदाच. "हो," त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी खिशातून संत्रं काढलं. त्यांच्याकडं किती संत्री होती कोण जाणे. "खाणार?"

मी दोन्ही हात पुढं केले.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही मायलेकी निपाणीला मावशीकडं गेलो. मावशी आईची थोरली बहीण, आग्रहात अख्ख्या गल्लीत पहिली. आम्ही टेकतो न टेकतो तोच तिनं विचारलं, "चहा ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं.

मांडीला चिमटा बसला. आईची बोटं आठ महिन्यांत जराही विसरली नव्हती.

"नको वो आक्का," आई घाईनं म्हणाली. "आत्ताच घिऊन आलाव."

मावशीनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. "जपानात उपाशी ठिवलंतं वाटतं पोरीला," म्हणाली, आत गेली, आणि थोड्या वेळानं एकच कप घेऊन आली. माझ्या हातात दिला. "ही हवं म्हणाली, हिला दिला. तू नको म्हणालीस." आणि गालात हसत समोर बसली.

आई कपाकडं बघत राहिली. मी ओळखलं. लॉजमधल्या भाताच्या भांड्याची वाट मी अशीच बघितली होती.

"पाय बघू," मावशी म्हणाली. "टाचंला काय झालं गं?"

"नवी चप्पल चावली."

"आन् मोजे?" आईनं विचारलं. "बर्फात दोन जोड घाटलेलेस न्हवं, मी सांगितल्यालं?"

"व्हय."

"बघ," आई मावशीला म्हणाली. "मी म्हटलंतं न्हवं, एकानं काय हुतंय? बर्फात पाय शाबूत ऱ्हायला आन् हितं येऊन चप्पल चावली."

इथं खरं सांगायला हवं होतं. आप्पांनी बजावलं होतं, डोंगरावर शिकलेही होते. पण विचारणारी आई होती, आणि मोजे तिनं दिलेले. मी निम्मा चहा बशीत ओतला आणि बशी तिच्यापुढं केली.

"नको," आई म्हणाली.

मी बशी तशीच धरून बसले. अजून दोनदा विचारायचं होतं.